काका, यंदाचा नवतपा आईंनी घरातच काढला

आदरणीय काकांना सप्रेम नमस्कार.

२५ मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला आणि २ जूनला संपला. या नऊ दिवसांत आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकदाही म्हणाल्या नाहीत की मला नाशिकला पोहोचवून द्या. मागची सहा वर्षं आमच्याकडे ठरलेलंच होतं. एप्रिल संपत आला की त्यांची बॅग भरायची, नणंदेकडे सोडून यायचं आणि मृगाचा पाऊस पडला की परत आणायचं. वय ७८, रक्तदाबाच्या गोळ्या, आणि भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली. त्या खोलीच्या भिंतीला रात्री अकरा वाजता हात लावला तरी चटका बसायचा. नाशिकला त्यांना काही कमी नव्हतं, पण दर वर्षी निघताना त्या फाटकाशी थांबून मागे बघायच्या आणि मला ते बघवत नसे.

यंदा त्या इथेच, आमच्या नव्या घरात होत्या. दुपारी पोथी वाचत होत्या, तीन वाजता चहा मागत होत्या. हे तुमच्यामुळे झालं, म्हणून हे पत्र. नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, ते पाळते आहे. पण पत्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिते, कारण आपल्या लेआऊटमध्ये अजून निम्मे प्लॉट रिकामे आहेत आणि गेल्या महिनाभरात तिघांनी मला विचारलं की तुमच्या घरात शिरल्यावर बरं का वाटतं.

दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवतो. नागपूरजवळच्या बेसाच्या या ३० बाय ५० फुटांच्या पश्चिममुखी प्लॉटवर आम्ही दोघं नकाशा घेऊन उभे होतो. समोरून तुम्ही आलात, डोक्याला दुपट्टा बांधलेला, हातात बांबूची काठी. ओळख ना पाळख. नकाशा पाहिलात आणि काही न बोलता काठी जमिनीत सरळ रोवलीत. मेची २६ तारीख होती. बारा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही म्हणालात, "सावली शोध."

सावली नव्हतीच. काठीच्या बुडाशी सगळी गोळा झाली होती.

नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या शेवटी सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, हे मी शाळेत शिकले होते. शिकवतेही. पण त्याचा घराशी काय संबंध, हे त्या क्षणापर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत की उन्हाळ्यात आपल्या घराला सगळ्यात जास्त ऊन भिंती देत नाहीत, छत देतं. त्याच्यानंतर पश्चिमेची भिंत. आणि आमच्या नकाशात छतासाठी काहीच नव्हतं, पश्चिमेला मात्र एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी शोभा म्हणून आठ फुटांची काच होती. "आधी तापू तं नको देऊ, थंड करायचं मग पाहजो," हे तुमचं वाक्य मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं.

पुढचे तीन रविवार तुम्ही आमच्या भाड्याच्या घरी आलात. बांधकाम खात्यात ३४ वर्षं काढलेला माणूस पैसे न घेता, चहावर, दुसऱ्याचा नकाशा खोडून पुन्हा काढतो. ठेकेदाराच्या हिशेबात अशा कामासाठी रकाना नसतो. तुम्ही जिना, न्हाणीघर आणि सामानाची खोली पश्चिमेला नेलीत. तिथे कुणी तासन्‌तास बसत नाही, मग ती ऊन अंगावर घेतील आणि आतल्या खोल्या वाचतील. दारासमोर आठ फूट खोल ओसरी दिलीत. काटोलकडच्या तुमच्या वडिलांच्या कवेलूच्या घराचं वर्णन करत होतात तेव्हा: दीड हात रुंद मातीची भिंत, पुढे ओसरी, मागे परसात विहीर. मला तेव्हा वाटलं आठवणी सांगताय. नंतर कळलं, तुम्ही आमचं घर सांगत होतात.

छज्ज्यांचं गणित मला सगळ्यात आवडलं, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा पुरतो. मार्च-सप्टेंबरमध्ये दुपारच्या उन्हात तो पाच फूट खाली सावली पाडतो, म्हणजे चार फुटी खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरमध्ये सूर्य दुपारीही ४५ अंशांवरच असतो, तेव्हा सावली दोनच फूट उतरते आणि खालच्या अर्ध्या खिडकीतून कोवळं ऊन आत येतं. आई हिवाळ्यात तिथेच पाय पसरून बसतात. तोच दोन फुटी छज्जा पश्चिमेला काही कामाचा नाही, कारण साडेचारचं ऊन तिरपं, छज्ज्याच्या खालून सरळ आत. तिथे खिडकी लहान ठेवायची आणि उभा आडोसा द्यायचा, भिंतीचा, जाळीचा किंवा झाडाचा. उत्तरेबद्दल तर कुणीच सांगत नाही. जूनमध्ये सूर्य वायव्येला मावळतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीलाही संध्याकाळी ऊन लागतं. तुम्ही तिच्या पश्चिम कडेला दीड फुटाचा उभा पडदा काढायला लावलात. मिस्त्री विचारत होता, हे कशाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याला बोलावून दाखवलं.

आणि आतल्या पडद्यांबद्दल. जाड पडदे लावले की झालं, असं मलाही वाटायचं. पण ऊन एकदा काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. अडवायचं ते काचेच्या बाहेर.

छतावरून ठेकेदाराशी वाद झाला, तो तुम्हाला माहीतच आहे. त्याचं म्हणणं, कोबा टाकतो, खाली पीओपी करा, बाकी एसी आहेच. तुम्ही पिशवीतून इको निवास संहितेची, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीची, छापील पानं काढलीत. ऊर्जा दक्षता ब्युरोने ती २०१८ मध्ये आणली आणि तिच्यात घराच्या छतासाठी यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नसावी असं आहे. म्हणजे आतबाहेर एका अंशाचा फरक असताना छताच्या एका चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता शिरू नये. नुसता सहा इंची स्लॅब याच्या जवळपासही येत नाही, कोबा टाकूनही येत नाही. दोन इंची एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा कडक फोम) वर टाकला की आकडा निम्म्याच्याही खाली जातो.

वर टाकायचा, खाली नाही, यावर तुम्ही अडून बसलात आणि ते फार बरं झालं. खालून पीओपी लावली तर स्लॅब दिवसभर तापतच राहतो आणि रात्री ती ऊब आपल्यावर सोडतो. भाड्याच्या घरात अकरा वाजताची भिंत आणि छत का भाजायचे, ते मला त्या दिवशी समजलं. बोर्ड वर असला की स्लॅबच सावलीत राहतो. तापून फुगणं आणि थंड होऊन आकसणं कमी होतं, म्हणून तडाही कमी जातात आणि गळतीही. बोर्डवर उतार धरून काँक्रीट आणि त्यावर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक. या सगळ्याला दोन दीड टनी एसींएवढा खर्च आला. त्या रात्री आम्ही दोघं गप्प होतो, कारण पैसे संपत आले होते. आज मला त्या खर्चाइतकं समाधान घरातल्या दुसऱ्या कुठल्याच खर्चाचं नाही.

ज्यांचं घर आधीच बांधलेलं आहे त्यांनी हे वाचून निराश होऊ नये. तुमच्या स्वतःच्या गच्चीवर तुम्ही दर मार्चमध्ये पांढऱ्या चुन्याचे दोन हात देता, काकू बादली धरतात, हे मी पाहिलं आहे. त्यानेही खालच्या खोलीत फरक पडतो. काळी पाण्याची टाकी सावलीत घ्या किंवा तिलाही पांढरा रंग द्या, दुपारी नळाला उकळतं पाणी येणार नाही.

भिंतींचं थोडक्यात. पश्चिमेला आणि दक्षिणेला आठ इंची एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे, बाकी भिंती फ्लाय ॲशच्या विटांच्या. कोराडी-खापरखेडाच्या वीजकेंद्रांची राख आपल्या दाराशी आहे, म्हणून ती वीट स्वस्त आणि चांगली मिळते, पण ती उष्णता अडवत नाही हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. अडवतो तो एएसी, कारण त्यात हवेची छिद्रं असतात. मात्र ब्लॉक आणि कॉलम जिथे मिळतात तिथे जाळी लावून प्लास्टर करायचं, नाहीतर तिथे हमखास भेग जाते. आमच्याकडे एका ठिकाणी जाळी राहून गेली आणि नेमकी तिथेच गेली.

एका गोष्टीत मी तुमचं ऐकलं नाही. जिन्यातली पश्चिमेची उंच काच मला हवीच होती. उजेड छान येतो, खोटं बोलणार नाही, पण मेमध्ये संध्याकाळी जिना चुलीसारखा होतो आणि मधलं दार उघडं राहिलं तर ऊब हॉलमध्ये उतरते. तुम्ही एका शब्दानेही बोलला नाहीत. एका सकाळी बाहेरून टांगायची बांबूची चटई घेऊन आलात आणि शिडी धरायला सांगितलंत.

घरात राहायचं कसं, हेही तुम्हीच शिकवलंत. मेमध्ये सकाळी आठच्या आत सगळ्या खिडक्या बंद करायच्या, रात्री नऊनंतर समोरासमोरच्या सगळ्या उघड्या. जाळ्या लावल्यामुळे डासांची भीती नाही. कुलरची हवा ज्या खोलीत येते तिची समोरची खिडकी उघडी ठेवायची. आम्ही वर्षानुवर्षं सगळं बंद करून कुलर लावत होतो आणि तासाभरात अंग चिकट झालं की कुलरला दोष देत होतो. दमट हवा बाहेर जायला वाट नसेल तर वाळ्याची ताटी तरी काय करणार? जुलैत हवाच ओली असते, तेव्हा कुलर झाकून ठेवायचा आणि पंखा व वाऱ्यावर भागवायचं. पंखे सगळे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घेतले, जुना पंखा ७५ वॅट खायचा, हे ३० च्या आसपास. रात्रभर पाच पंखे चालतात, तेव्हा हा फरक बिलात दिसतो.

एसी एकच, आईंच्या खोलीत, एक टनाचा. २६ वर ठेवून पंखा सुरू केला की त्यांना शाल लागते.

सोलर शेवटी बसवा, असं तुम्ही म्हणालात आणि आम्ही शेवटीच बसवलं. घराची भूकच कमी झाल्यामुळे तीन किलोवॅट पुरलं. स्वच्छ दिवशी बारा युनिटच्या आसपास वीज होते, आणि केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळालं. पॅनल सात फूट उंच मांडल्यामुळे खाली गच्चीला सावली झाली, तिथेच आईंनी यंदा बसून कुरडया घातल्या.

तुम्ही दिलेला थर्मामीटर अजून वरच्या खोलीत टांगलेला आहे. नवतप्यात बाहेर ४५-४६ असताना, एसी-कुलर काही न लावता, संध्याकाळी पाचला तो ३४-३५ दाखवत होता. भाड्याच्या घरात त्याच वेळी ४० च्या वर गेलेला मी स्वतः पाहिला आहे. आई रोज आकडा वहीत लिहीत होत्या. वही तुम्हाला दाखवायची आहे, त्यांनी अक्षर मुद्दाम चांगलं काढलं आहे.

मी शिक्षिका आहे, काका, आभार मानायची भाषा मला यायला हवी. पण आई मेमध्ये आपल्या घरात होत्या, आपल्या देवघरासमोर होत्या, याच्यापुढे मला काही सुचत नाही. तुम्ही आमचे कुणी नव्हता. त्या दुपारी रस्ता ओलांडून आला नसता तर आम्ही ती आठ फुटांची काच लावून मोकळे झालो असतो.

कुरडयांचा डबा मुलाबरोबर पाठवते आहे. काकूंना सांगा, तेल चांगलं तापल्याशिवाय टाकू नका, यंदा गहू जरा जास्त भिजले होते.

आणि एक विचारायचं आहे. तुमच्या अंगणातून दिलेलं कडुनिंबाचं रोप ओसरीसमोर माझ्या डोक्याच्या वर गेलं आहे. त्याला आधाराला तुमचीच ती बांबूची काठी बांधली होती. आता काढू, की हा पावसाळा जाऊ देऊ? उद्या सकाळी फिरायला निघालात की फाटकाशी थांबा, दाखवते.

तुमची,
समोरच्या प्लॉटवरची सून