क्रेडिट रिस्क फंडांचा एक वर्षाचा परतावा

मा. संपादक यांस,

आपल्या अर्थविषयक पानावर म्युच्युअल फंडांच्या परताव्याचा तक्ता येतो. क्रेडिट रिस्क फंडांचा एक वर्षाचा आकडा आणि बँकांच्या मुदत ठेवींचे दर त्यात एकाच चौकटीत असतात. ही चौकट कापून खिशात ठेवणारी माणसे आमच्या राजारामपुरीत आहेत, म्हणून हे पत्र.

मी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीचे हिशेब लिहून निवृत्त झालो. परवा रंकाळ्यावर आमच्यातल्या एका मास्तरांनी ते कात्रण पुढे केले. म्हणाले, "एफडीत सात मिळंनात आणि हितं सतरा गावलंय की!" निवृत्तीच्या पैशातला मोठा हिस्सा ते तिकडे वळवायला निघाले आहेत.

बाजार नियामक सेबीच्या नियमानुसार या फंडांना किमान 65 टक्के पैसा डबल ए किंवा त्याखालच्या पतदर्जाच्या कंपनी रोख्यांत, म्हणजे कंपन्यांना दिलेल्या कर्जात, ठेवावा लागतो. कर्ज घेणाऱ्याची पत थोडी कमी, म्हणून व्याज थोडे जास्त. इथपर्यंत ठीक. पण आतले रोखे आठ-नऊ टक्के देत असतील तर सतरा येतात कुठून?

समजा, फंड 100 कोटींचा आहे आणि त्यातले 6 कोटी एका कंपनीच्या रोख्यांत आहेत. कंपनीने हप्ता चुकवला आणि ते रोखे 75 टक्क्यांनी उतरवून धरले, की 6 कोटींचे दीड कोटी होतात. एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, साडेचार टक्के खाली. लोक घाबरतात, पैसे काढतात, फंड 50 कोटींवर येतो. जाणारे पडलेल्या भावाने जातात, त्यामुळे पुढे काही वसूल झालेच तर त्यातला त्यांचा वाटा मागे राहणाऱ्यांना मिळतो. दोनेक वर्षांनी समजा पूर्ण रक्कम वसूल झाली. साडेचार कोटींची भर आता 50 कोटींवर पडते, म्हणजे नऊ टक्के. त्यात वर्षाचे आठ टक्के व्याज मिळवा. झाले सतरा! हे नऊ टक्के एकदाच येतात. तक्त्यात मात्र ते पुढे वर्षभर दिसत राहतात आणि नवा माणूस नेमका तेव्हाच आत शिरतो. त्याच्या वाट्याला ते येणार नाहीत.

अडकलेले रोखे वेगळे काढून ठेवायची मुभा सेबीने डिसेंबर 2018 मध्ये, आयएल अँड एफएस ही वित्त कंपनी बुडाल्यावर दिली. तसे केले तर वसुली, रोखे वेगळे काढले त्या दिवशी फंडात असलेल्यांनाच मिळते. पण ती मुभा आहे, सक्ती नाही.

दुसरी गोष्ट भावाची. मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो, चार व्यापारी बोली लावतात, म्हणून भाव कळतो. यातल्या कित्येक रोख्यांचा आठवडेच्या आठवडे सौदाच होत नाही. मग मूल्यांकन संस्था त्याच दर्जाच्या इतर रोख्यांकडे पाहून भाव ठरवतात आणि त्यावरून रोजची एनएव्ही निघते. बाजाराचा मूड चांगला असला की हा भाव खरा वाटतो. खरी परीक्षा सगळे एकदम विकायला निघाले की होते. 23 एप्रिल 2020 रोजी फ्रँकलिन टेम्पलटन या फंड कंपनीने सहा रोखे योजना गुंडाळल्या, तेव्हा त्यांत सुमारे 25,000 कोटी रुपये होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या एसबीआय फंड्सने वसुली केली आणि गुंतवणूकदारांना त्या दिवशीच्या मूल्यापेक्षा एकूण थोडे जास्तच मिळाले. पण मिळाले ते हप्त्याहप्त्याने, काही वर्षांत. ज्याच्या घरी त्या महिन्यात लग्न किंवा ऑपरेशन होते, त्याला ही आकडेवारी सांगून काय उपयोग?

मी या फंडांच्या विरोधात नाही. हाताशी दुसरा पैसा असलेल्या, पाच वर्षे थांबू शकणाऱ्या माणसाने थोडी रक्कम जरूर ठेवावी. मास्तरांच्या बाबतीत यातले काहीच लागू नाही. करातही आता फारसा फरक उरलेला नाही. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या युनिटांच्या नफ्यावर एफडीच्या व्याजासारखाच आपापल्या स्लॅबने कर लागतो. शिवाय बँकेच्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, इथे तो नाही.

तेव्हा विनंती एवढीच. या फंडांपुढे आतल्या रोख्यांचा सध्याचा सरासरी परतावा, म्हणजे वायटीएम, खर्च वजा करून छापावा. तो फंडाच्या मासिक फॅक्टशीटमध्ये असतोच. एखाद्या फंडाला त्या वर्षात जुनी वसुली मिळाली असेल तर नावापुढे फुली मारून खाली तसे लिहावे. जागा नसेल तर तीन महिन्यांच्या परताव्याचा रकाना खुशाल काढा. या फंडांत त्या आकड्यावरून कुणाला काहीच ठरवता येत नाही.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, राजारामपुरी, कोल्हापूर