तुमचे ५४ दिवस, आमचे ७

२६ मार्च २०२३

ती. बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं वाजतं, म्हणून लिहितोय. आई, बाबांना चष्मा दे आणि पत्र संपेपर्यंत त्यांना उठू देऊ नकोस.

पाडव्याला आलो नाही, कारण त्या दिवशीही पंचनामे करत होतो. जुन्या पेन्शनसाठीचा आमचा संप २० तारखेला मिटला आणि दुसऱ्या दिवसापासून बागाच बागा पालथ्या घालतोय. गारपीट झाली तेव्हा मात्र घरी बसून होतो. 'भाऊसाहेब, काढणीला आलेल्या घडांचा चेंदा झाला, कधी येता?' मी तलाठी, म्हणून माझ्या सगळ्या सजातून, म्हणजे माझ्याकडच्या गावांतून, फोन. मी एकच सांगायचो, संप मिटला की. मग काकांचा आला. त्यांचा सजा माझा नाही, तरी त्यांनी मलाच विचारलं. माझं उत्तर ऐकून नुसतं 'बरं' म्हणाले. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

तुम्ही म्हणालात, 'आम्ही सत्त्याहत्तर साली ५४ दिवस संपावर बसलो, पण शेतकऱ्याला नाडलं नाही.' बाबा, तुम्ही तहसीलातले कारकून. दोन महिने तिथली टेबलं रिकामी होती, तेव्हा कुणाचीच कामं अडली नसतील? तुमच्या संपाचे नेते र. ग. कर्णिक यांचं नाव निघालं की अजून तुमचा आवाज चढतो, आणि चढावाच. केंद्राइतका महागाई भत्ता मागितला होतात. वसंतदादांच्या सरकारकडून तो न घेताच तुम्ही कामावर परतलात, आणि पुढे सरकार बदलल्यावर तो मिळाला. वाण्याने त्या काळात उधारी थांबवली नाही हे आई सांगते. आज आम्हाला कोण उधार देईल? लोकांना वाटतं, यांचे पगार आधीच गलेलठ्ठ.

तुम्हाला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता. मी २०१० साली लागलो, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतरचा. माझ्या पगारातून १० टक्के कापतात, सरकार १४ टक्के घालतं, आणि हातात काय पडेल ते बाजार ठरवणार. जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडून राज्य दिवाळखोरीत जाईल, असं फडणवीसांनी डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात सांगितलं. आकडा फुगवलेला असेल-नसेल, त्यामागचा प्रश्न मला टाळता येत नाही. कारखान्यात कामगार मालकाशी भांडतो, तेव्हा मालकाच्या खिशातून जातं. इथे जातं काकांच्या खिशातून, आणि वाटाघाटीला काकांना कुणी बोलावत नाही. युनियनविरुद्धचा हा एकच मुद्दा मला झोपू देत नाही.

पण दुसरी बाजूही ऐका. २००३ साली तामिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत, कायदेशीर, इतकंच काय नैतिकही हक्क नाही. ठीक. मग बोलायचं कुठे? केंद्रात सरकार आणि कर्मचारी यांच्या बोलणीसाठी १९६६ पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे. पगार, रजा, कामाचे तास यांवर एकमत झालं नाही तर लवादाकडे जाता येतं. पेन्शन त्यात नाही. आमची पेन्शन तर मी नोकरीला लागायच्या पाच वर्षं आधीच बदलून झाली होती. निवेदन द्यायचं, पोच घ्यायची, वर्षभर वाट बघायची आणि मग 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत रस्त्यावर यायचं. सात दिवसांनी काय मिळालं? निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती आणि तीन महिन्यांचा वायदा. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेत्यांना शिव्या चालू आहेत.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. गारा पडल्यावर तालुक्याच्या बैठकीत मी उठून म्हटलं, डॉक्टर अपघात विभाग चालू ठेवतात, तसे आपण पंचनामे संपातून वगळू. मागून कुणीतरी ओरडलं, 'फुटला!' मी खाली बसलो. पण संपातून बाहेरही पडलो नाही. तुम्ही असतात तर उभे राहिला असतात का, हे खरं सांगा. भेटल्यावर सांगितलंत तरी चालेल.

काकांच्या बागेत नुकसान ३३ टक्क्यांच्या वर निघेलच. त्यांच्या तलाठ्याशी मी बोललोय, तो, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून सोमवारी येतील. तोवर पडलेले घड उचलू नका म्हणावं. आणि आधार, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स हाताशी ठेवा, काका नेहमी ऐनवेळी शोधत बसतात.

तुमचा,
बाळू