घशाची कोरड

एडिंबरा, स्कॉटलंड
जानेवारी

प्रिय अक्का,

प्रभू येशूच्या नावात तुला, दाजींना आणि घरच्या सगळ्यांना सलाम.

तुझं पत्र पोचलं. बाकीच्या बातम्यांवर फोनवर बोलूच. पण शेवटच्या चार ओळींचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. उपासनेत गाणी होतात, उपदेश होतो, पण घरी येऊन डोळे मिटले की प्रार्थना स्लॅबला आपटून खाली पडते, असं तू लिहिलंस. आणि तरी देवाची ओढ काही सुटत नाही. वर विचारलंस, ‘माझा विश्वास आटला का रे?’

विश्वास आटलेल्या माणसाला देव जवळ नसल्याचं काहीच वाटत नाही. रविवारची सकाळ मोकळी मिळाली, एवढंच त्याला वाटतं. तुला जे होतंय त्याला पवित्र शास्त्रात वेगळं नाव आहे. स्तोत्रसंहितेतलं ४२वं स्तोत्र काढ आणि ४३वं त्याला जोडून वाच. मुळात ती एकच कविता असावी. आपल्याच जिवाला ‘तू का खिन्न झालास’ म्हणून विचारणारं ध्रुपद ४२ च्या ५व्या आणि ११व्या वचनात येतं आणि पुन्हा ४३ च्या ५व्या वचनात. म्हणणारा कोरहाच्या घराण्यातला, मंदिरातला गाणारा माणूस. तो यरुशलेमेपासून लांब उत्तरेला, हर्मोन डोंगराच्या बाजूला अडकलाय आणि त्याला आठवतंय की सणाला तो लोकांच्या पुढं चालत देवाच्या घरी जायचा. लोणंद-फलटणच्या वाटेवर दरसाल पालखीबरोबर चालणाऱ्याला एका वर्षी आजारपणानं घरी बसावं लागलं तर त्याचं जे होईल, तेच.

आपल्या मराठी शास्त्रात तिथं ‘लुलपणे’ असा शब्द आहे. हरिणी पाण्यासाठी लुलपते, तसा जीव. ‘जीव’ म्हणून जो हिब्रू शब्द आहे, ‘नेफेश’, त्याचा एक अर्थ गळा, घसा असाही होतो. म्हणजे ही तहान कवीनं कल्पनेत लावलेली नाही, त्याच्या घशाला कोरड पडलीय. ६३व्या स्तोत्रातही हाच शब्द आहे, आणि तिथं भोवताली रान आहे, पाण्याचा थेंब नाही.

दुसरा शब्द ‘पानीम’, म्हणजे मुख. निर्गमाच्या ३३व्या अध्यायात देव मोशेला सोबत येण्याचं वचन देतो, तिथं मुळात शब्दशः ‘माझं मुख जाईल’ असं आहे. ४२व्या स्तोत्रातही देवाच्या मुखाचीच आस आहे. हा फरक नीट धर, कारण निम्मा घोळ इथंच होतो. देव सगळीकडं आहे हे १३९वं स्तोत्र सांगतं आणि ते खरंच आहे. पण दाजी पेपरात डोकं घालून सोफ्यावर बसलेले असतात तेव्हाही ते घरातच असतात की! पेपर खाली ठेवून त्यांनी तुझ्याकडं बघणं ही वेगळी गोष्ट. तू जे मागतेस ते हे दुसरं आहे. ते मागणं म्हणजे पहिल्यावर अविश्वास दाखवणं नव्हे, म्हणून ‘देव तर सगळीकडंच आहे, मग रडता कशाला’ असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस.

आता कामाचं. कोरड कशानं पडली ते आधी तपासायचं, कारण सगळ्या कोरडीला एक औषध नाही.

पहिली तपासणी शरीराची. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा मोगा उशाशी ठेवतो. एलीया खातो, झोपतो, पुन्हा उठून खातो, आणि मग चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचतो. देवाची शांत, मंद वाणी त्यानंतरची. तू किती तास झोपतेस? झोप, भूक आणि कशातलाही रस दोन आठवड्यांहून जास्त गेलेला असेल तर तो आत्मिक प्रश्न धरून बसू नकोस, डॉक्टरांना दाखव. मिशनरी डॉक्टर वॉनलेससाहेबांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल काढलं ते प्रार्थनेवरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे.

दुसरी तपासणी भांडणाची. मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभूनं क्रम सांगून ठेवलाय: अर्पण वेदीपाशी तसंच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. कुणाचं नाव घेतलं की प्रार्थना अडखळते ते बघ. (कोण ते मी विचारत नाही.)

तिसरी, कामाची. चहा, सतरंज्या, वर्गणी, महिलामंडळाचा हिशोब हे सगळं देवाचंच काम आहे. पण लूकच्या १०व्या अध्यायातल्या, पाहुणचारात गुंतलेल्या मार्थाला प्रभू कामाबद्दल बोल लावत नाही, पुष्कळ गोष्टींची दगदग करण्याबद्दल लावतो. एखादं काम दुसरीला दे. तिला तुझ्याएवढं नीट जमणार नाही. चालतंय.

या तिन्हींत काही सापडलं नाही तर जी कोरड उरते, तिचा विचार जुन्या लोकांनी फार बारकाईनं केलाय. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये क्रुसाचा योहान नावाचा संन्यासी होऊन गेला. त्याच्याच पंथातल्या लोकांनी त्याला १५७७ ते ७८ मध्ये टोलेडोत नऊ महिने कोंडून ठेवलं होतं. त्यानं तीन खुणा सांगितल्यात. एक, देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही आणि जगाच्या गोष्टींतही वाटत नाही. देवाचं नकोसं होऊन टीव्हीवरच्या मालिका गोड लागत असतील तर ती ही कोरड नव्हे, तो आळस. दोन, आपण देवाला अंतरलो की काय याची सतत टोचणी लागते. तीन, पूर्वीसारखं चित्र डोळ्यापुढं आणून मनन करायला गेलं तर होतच नाही. तिन्ही खुणा एकत्र असल्या तर देव टाकून गेलेला नाही, तो लहान मुलाचं अंगावरचं दूध तोडतोय, असं तो म्हणतो. तू लिहिलंयस त्यात पहिल्या दोन मला स्पष्ट दिसतात. तिसरीचं तूच बघ.

त्याच शतकातल्या, जेझुइट पंथ काढणाऱ्या इग्नेशस लोयोलाचे दोन नियम सोबत ठेव. कॅथलिक म्हणून नाक मुरडू नकोस, नियम सोन्यासारखे आहेत. कोरडीच्या दिवसांत आधी केलेला कुठलाही निश्चय बदलायचा नाही. मंडळी (चर्च) बदलणं, महिलामंडळ सोडणं, सकाळची वेळ मोडणं, यांतलं काहीही आत्ता ठरवायचं नाही. दुसरा, प्रार्थना लवकर आटपावीशी वाटेल त्या दिवशी ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्त बसायचं. तास नव्हे, दोन-तीन मिनिटं पुरेत. त्यानं एवढंच कळतं की घड्याळ आपल्या हातात आहे, कंटाळ्याच्या नाही.

आता रोजचं कसं करायचं ते. वीस मिनिटं. एक तासाचा नवस करू नकोस, तो पाचव्या दिवशी मोडतो आणि मग अपराधाचं ओझं वर चढतं. पहाटे साडेपाच बरी, मिरजेच्या गाड्यांशिवाय कुणाचा आवाज नसतो. जागा रोज तीच. गुडघे दुखतात तर खुर्चीवर बस, पाय जमिनीला टेकलेले. गजराला साधं घड्याळ घे. मोबाईलचा गजर बंद करायला हात गेला की वीस मिनिटं तिथंच जातात.

पहिली दोन मिनिटं काही बोलायचं नाही, श्वास संथ होऊ द्यायचा. मग स्तोत्रातली चार-पाच वचनं मोठ्यानं, सावकाश, दोनदा वाचायची. मोठ्यानं अशासाठी की डोळा शब्द गाळतो, जीभ गाळत नाही. जो शब्द अडेल तो धरायचा आणि पाच मिनिटं तोच घोळवायचा. अर्थ काढत बसायचं नाही. मग पाच मिनिटं त्या शब्दावरून देवाशी बोलायचं, जसं आहे तसं, रागासकट. उरलेल्या वेळात नुसतं थांबायचं. वाचन, मनन, प्रार्थना आणि थांबणं या चार पायऱ्या बाराव्या शतकात गीगो नावाच्या मठवासीयानं लिहून ठेवल्यात. आपल्याकडं चौथी पायरी नेहमी गाळली जाते. आपण बोलून झालं की ‘आमेन’ म्हणून उठतो, म्हणजे बेल वाजवायची आणि दार उघडायच्या आत निघून जायचं.

पहिला आठवडा फक्त ४२-४३. दुसरा ६३, तिसरा ८४, चौथा २७. आणि अगदीच काही निघेना अशा दिवशी १३. ते सहाच वचनांचं आहे आणि सुरुवातच ‘किती वेळ’ अशी आहे.

बिघडतं कुठं तेही सांगतो. मन पळतं. त्याला ओढून आणू नकोस, ज्याच्याकडं पळालं तेच एका शब्दात देवापुढं ठेव आणि शब्दावर परत ये. ‘प्रभू, गॅसची टाकी.’ एवढं पुरे. तोच विचार तीनदा आला तर कागदावर लिही, मग तो गप्प बसतो. झोप येत असेल तर डोळे उघडून उभी राहा, आणि रोजच येत असेल तर रात्री लवकर नीज. मागण्यांची यादी सकाळी आणू नकोस, संध्याकाळच्या कुटुंब-प्रार्थनेत घे. भेटीला गेल्यावर दारातच अर्ज पुढं केला तर भेट होत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोज उठून मनातलं पाणी मोजणं. सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या पाणी मोजायच्या पट्टीवर ४० फुटांना इशारा आणि ४५ला धोका, हे कृष्णेला ठीक. प्रार्थनेला तशी पट्टी नाही. हल्लीच्या सभांमध्ये कीबोर्ड, ड्रम आणि मोठे स्पीकर लावून डोळ्यात पाणी आणतात. ते पाणी खोटं नसतं, पण त्यावरून देव आला की नाही हे ठरवायला लागलं की मग दर आठवड्याला आवाज वाढवावा लागतो. वीस मिनिटं बसलीस का, एवढाच प्रश्न वहीत लिहायचा. ‘कसं वाटलं’ हा रकाना नकोच.

दिवसभरासाठी पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची एक जुनी प्रार्थना आहे, श्वासाबरोबर म्हणायची. श्वास घेताना ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा’, सोडताना ‘मज पाप्यावर दया कर’. भाकऱ्या थापताना चालते, बसस्टँडवर चालते. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवात हळद उन्हाळ्यात भरून ठेवायचे आणि लागेल तेव्हा काढायचे, तसं पाठ केलेलं वचन. आजारपणात डोळ्यापुढं पुस्तक धरवत नाही, तेव्हा ते वर येतं.

तक्रार करायला भिऊ नकोस. दीडशे स्तोत्रांतली जवळजवळ एक तृतीयांश विलापाचीच आहेत. त्यांची घडण बहुधा ठरलेली: हाक, तक्रार, मागणं आणि मग भरवशाचा शब्द. ८८वं स्तोत्र तर त्या शेवटच्या शब्दाशिवाय, अंधारातच संपतं, आणि तरी ते शास्त्रात आहे. स्वतःचा विलाप लिहून बघ. टिळकांनी, आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, मराठी ख्रिस्ती माणसाला देवाशी अभंगात बोलायला मोकळीक दिली. १९१७ साली साताऱ्यात त्यांनी येशूच्या अनुयायांचा ‘देवाचा दरबार’ मांडला तो याच ओढीपोटी. मोठ्या अभंगाचं माप सोपं आहे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. हे बघ, नुसतं मापासाठी:

कोरडा हा घसा, तहान ना जाई,
तुझी वाट पाही, जीव माझा.

बोटांवर मोजत लिहिलं की भावना आवरते आणि नेमका शब्द शोधावा लागतो. चार ओळी झाल्या तरी पुष्कळ. मंडळीत वाचून दाखवू नकोस.

एकट्यानं एवढंच करून भागणार नाही, हेही खरं. दोघं किंवा तिघं जमतील तिथं मी आहे, हे प्रभूचं वचन एकट्या माणसाला दिलेलं नाही. प्रभुभोजन चुकवू नकोस, काही वाटो वा न वाटो. भाकर हातात पडते तेव्हा आपल्या मनाची अवस्था कुणी विचारत नाही. आणि आठवड्यातून एकदा ज्याच्याकडं कुणी जात नाही अशा एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडं अर्धा तास जाऊन बस. मत्तय २५ मध्ये ‘कनिष्ठाला केलं ते मलाच केलं’ म्हणत प्रभूनं आपला पत्ता तिथलाही दिलाय.

लेंत, ईस्टरआधीचा उपासाचा काळ, जवळ येतोय, म्हणून उपासाचं. दाजींना साखर आहे. गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना जेवण सोडलं तर साखर एकदम खाली येते, घाम सुटतो, हातपाय कापतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी जेवणाचा उपास करायचा नाही, मग कितीही जोर करू देत. त्यांनी रात्रीच्या बातम्या सोडाव्यात. त्यांना तो उपास जास्त जड जाईल. तू करणार असलीस तर एक वेळचं जेवण सोड, पाणी सोडू नकोस, आणि वाचलेला वेळ स्वयंपाकघर आवरण्यात घालवू नकोस. चाळीस दिवस रविवार सोडून मोजतात, रविवारी उपास नाही.

तुझे पहाटेचे साडेपाच म्हणजे सध्या इथले रात्रीचे बारा. मी झोपायच्या आधी तेच स्तोत्र वाचेन, पहिला आठवडा ४२-४३. कुठल्या सोमवारी सुरू करतेस तेवढं कळव. दाजींची साखर जेवणाआधी आणि जेवणानंतर किती येते तेही आकड्यांत लिही. ‘बरी आहे’ असं नको.

तुझा,
धाकटा