वेताळ टेकडी, रविवारचा वॉक: वाचा आणि मगच या

मंडळी, रविवारी सकाळी सहाला खाणीपाशी भेटायचंय, सव्वासहाला निघणार म्हणजे निघणार, चहावाल्याकडे रेंगाळलेल्यांनी मागून पळत यायचं. पळस आत्ता भन्नाट फुललाय, अजून थोडे दिवसच दिसेल, त्यामुळे चुकवू नका.

एक महत्त्वाचं. गवत आता पार वाळून कोळ झालंय आणि दरवर्षी याच दिवसांत वणवे लागतात, त्यामुळे सिगरेट, काडेपेटी खालीच ठेवून या, आणि धूर दिसला तर स्वतः विझवायला धावू नका, आधी १०१ ला फोन. मळलेली पायवाट सोडू नका प्लीज, चंडोल, रातवा ही पक्षीमंडळी जमिनीवरच अंडी घालतात आणि रातव्याची अंडी तर पायाखाली आली तरी कळत नाहीत, इतकी मातीसारखी. कुत्रा आणणार असाल तर पट्टा लावूनच.

मोरांना बिस्किटं, फरसाण घालू नका, कितीही गोड दिसले तरी!

झाडं लावायला रोपं आणू का असं बरेच विचारतायत, तर आत्ता उन्हाळ्यात नको, जगणार नाहीत. त्यापेक्षा एक जास्तीची पाण्याची बाटली आणा, पावसाळ्यात लावलेल्या रोपांना घालू. येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका.