माईकवर नाव छापलं म्हणजे माल खरा?

संपादक साहेब, नमस्कार.

पारोळा तालुक्यात आमचा मंडप-साउंडचा छोटासा धंदा आहे, वडिलांपासूनचा. कानबाई, गणपती जवळ आले की तुमच्या पेपरात डीजेच्या दणदणाटाच्या बातम्या सुरू होतात, त्या यायलाच पाहिजेत, रात्री दहानंतर बंद म्हणजे बंद. पण डुप्लिकेट माल गळ्यात मारून आम्हा साउंडवाल्यांचीच जी फसवणूक चाललीय तिच्यावर कधी एक ओळ दिसली नाही म्हणून हे लिहितोय.

मागच्या वर्षी सप्ताहासाठी मी शुअर कंपनीचा एसएम ५८ माईक घेतला, म्हणजे घेतला असं मला वाटलं. कंपनी शिकागोची, १९२५ सालातली, आणि हे मॉडेल १९६६ पासून चालू आहे. डायनॅमिक माईक, ना सेल लागत ना फँटम (मिक्सरमधून वायरीने माईकला द्यायची वीज), जाळी चेपली तरी वाजतो, म्हणून तर कीर्तनकारापासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांना तोच पाहिजे. दुकानदाराने निम्म्याहून कमी भावात दिला, खोका, पाऊच, स्टिकर सगळं व्यवस्थित. हाव मलाही सुटली, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी कीर्तनात महाराजांचा आवाज चढला की शिट्टी, फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) खाली घेतला की मागच्या बायकांना ऐकू येईना, वर घेतला की परत कुईऽऽ. बरं महाराज काही पुढाऱ्यांसारखे जाळी मुठीत आवळून धरणारे नाहीत (तसं धरलं की माईकची मागून येणारा आवाज कापायची सोयच बंद होते आणि मग खराखुरा माईकसुद्धा शिट्टी मारतो, पण सभेत हे सांगणार कोण). शेवटी त्यांनी माईक बाजूला ठेवला आणि तसेच मोठ्याने बोलले. मला कुठे बघू आणि कुठे नको असं झालं.

सकाळी माझा जुना चेपलेला एसएम ५८ आणि हा नवा, दोन्ही शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले. जुना तीनशेच्या जवळ, कंपनी २९८ ग्रॅम सांगते, आणि नवा अडीचशेसुद्धा भरला नाही. किराणावाला म्हणे, "हाऊ ते पोकळ शे भाऊ!" खोलला तर दांड्यात ट्रान्सफॉर्मरच नाही, वजन तिथेच गायब झालेलं.

दुकानात परत गेलो तर पहिला प्रश्न, बिल कुठंय? बिल घेतलं असतं तर जीएसटी लागला असता ना, तो वाचवायला मीच नको म्हटलं होतं. आता कुणाकडे तक्रार करू?

वडिलांनी घेतलेला आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर आमच्याकडे अजून चालतो, लाईट गेली की बारा व्होल्टची बॅटरी जोडायची आणि भोंगा सुरू. त्याचंही बिल वडिलांनी जपून ठेवलंय, पिवळं पडलेलं.

तर साहेब, सीझन लागायच्या आधी या डुप्लिकेट मालावर काहीतरी छापा, निदान काट्यावर ठेवून बघा एवढं तरी. माझा तो नवा माईक आता घरातली पोरं हॅलो हॅलो करत खेळायला घेतात.

आपला,
एक साउंडवाला, पारोळा तालुका