घरी पत्र: अकरा ट्रकांची कंपनी

ब्रॅम्प्टन, कॅनडा
9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई व बाबा यांना बाळाचा शिरसाष्टांग नमस्कार. आजीला आणि अण्णाकाकांना नमस्कार, चिमीला अनेक आशीर्वाद.

चिमी, हे पत्र सगळ्यांना पडवीत बसवून मोठ्याने वाच, आजीला नीट ऐकू जाईल असं.

मागच्या रविवारी मी ट्रकच्या नोकरीचं बोललो आणि तिकडून आवाजच बंद झाला. मला वाटलं रेंज गेली. मग बाबांचा खोकला ऐकू आला आणि आई म्हणाली, "बरं, ठेवते आता." आठवडाभर तेवढंच डोक्यात घोळतंय. फोनवर मला सगळं धड सांगता येत नाही म्हणून लिहायला बसलोय. मी ठीक आहे. जेवणखाण, खोली, खोलीतली मुलं, सगळं तेच आहे. आईने दिलेली सोलं अजून पुरतायत. इथे 2 तारखेला घड्याळं एक तास मागे गेली, त्यामुळे आता आपल्यात साडेदहा तासांचा फरक आहे. तुमचे रात्रीचे नऊ वाजले की माझे सकाळचे साडेदहा, हे लक्षात ठेवा, नाहीतर आई उगीच मध्यरात्रीपर्यंत जागी राहील.

नोकरी मी धरली आहे. उद्या सोमवारी पहिला दिवस.

बाबा, डिप्लोमा करून ड्रायव्हर झालास का, हे तुम्ही तोंडाने म्हणाला नाहीत, पण मला ते ऐकू आलं. दीड वर्ष मी गोदामात खोकी उचलली, ती कुठल्या डिप्लोमाची नोकरी होती? हे निदान शिकून, परीक्षा देऊन मिळवलेलं काम आहे. ऑन्टारिओत मोठ्या ट्रकचं लायसन्स, ज्याला इथे एझेड म्हणतात, नुसतं गाडी फिरवून दाखवून मिळत नाही. 2017 पासून कमीत कमी एकशे साडेतीन तासांचं शिक्षण सक्तीचं आहे. हवेचे ब्रेक कसे चालतात, हवा कुठून गळते, त्रेपन्न फुटांचा ट्रेलर मागे घेताना आरशात काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे सगळं माझ्याकडून घोटून घेतलंय.

आईची भीती वेगळी आहे, ती मला ठाऊक आहे. अण्णाकाकांची गाडी फोंडाघाटात गेली तेव्हा मी सातवीत होतो. आंब्याचे दिवस, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि व्यापाऱ्याचा फोनवर फोन की सकाळच्या बाजाराला माल लागला पाहिजे. तिसऱ्या रात्री वळणावर त्यांचा डोळा लागला. काका वाचले, पाय कायमचा अधू झाला. दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर मी तिथे गेलो होतो. उताराला पेट्या फुटून पडलेल्या, पेंढा उडत होता आणि सगळ्या घाटात हापूसचा वास. तो वास मी विसरलेलो नाही, आई. म्हणून कंपनी बघताना पगाराच्या आधी मी एकच गोष्ट बघत होतो: ड्रायव्हर "मला झोप येतेय" म्हणाला तर मालक काय म्हणतो.

नव्या माणसाला इथे कुणी पटकन घेत नाही. विमा कंपन्यांना दोन-तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि नोकरी मिळाल्याशिवाय अनुभव येणार कुठून? मोठ्या कंपन्या शिकाऊ घेतात, पण त्यांचं लगेच उत्तर आलं नाही. लहान कंपन्यांत विचारत फिरलो. पहिली जी भेटली तिचं नाव लिहीत नाही. तिथे मला त्याच दिवशी चावी द्यायला तयार होते, तासाला तीस डॉलर. अट एवढीच की मी माझ्या नावाने एक कंपनी काढायची आणि त्यांनी पगार मला न देता त्या कंपनीला द्यायचा. याला इथे 'ड्रायव्हर इंक' म्हणतात आणि आपल्यासारखी नवी आलेली मुलं त्यात भराभर अडकतात, कारण हातात येणारा आकडा मोठा दिसतो. पण मग सुट्टीचा पगार नाही, बेकारीचा विमा नाही, कामावर हातपाय मोडला तर मालक हात वर करणार. आणि माझ्या पीआरला, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याला, तर ते काम मुळीच धरत नाहीत. ज्या वाटेने मी अर्ज करणार आहे तिथे इथल्या नोकरीचा अनुभव मोजतात, स्वतःचा धंदा म्हणून केलेलं काम मोजत नाहीत. एवढं केलेलं फुकट गेलं असतं.

यार्डात मी त्यांचा ट्रेलर बघितला. मागच्या जोडचाकांतलं आतलं चाक वाकून पाहिलं. बाहेरचं टायर नवं कोरं आणि आतलं गुळगुळीत, बोट फिरवलं तर नक्षी लागेना. मी दाखवलं तेव्हा तिथला माणूस म्हणाला, तपासणी नाका बंद असतो त्या वेळेला निघायचं. मी नमस्कार करून बाहेर पडलो. खिशात तेव्हा चाळीस डॉलर होते, बाबा. तरी परत फिरलो नाही.

आता ही दुसरी. अकरा ट्रक आहेत. मालक जालंधरकडचे सरदारजी, वीस वर्षं स्वतः गाडी चालवलेले, आणि त्यांची बायको ऑफिसात बसून कुठली गाडी कुठे जायची ते बघते. सरकारकडे प्रत्येक ट्रक कंपनीची नोंद असते, अपघात किती, तपासणीत किती गाड्या अडवल्या, किती दंड. थोडे पैसे भरले की तो उतारा कोणालाही मिळतो. आपण जमीन घेताना सातबारा काढतो ना, तसा मी काढला. तीन वर्षं घर बांधायचंय म्हणून सातबारे चाळणाऱ्या बाबांचा मुलगा आहे मी. उतारा चांगला निघाला. मग त्यांच्या दोन ड्रायव्हरांना मालकाच्या पाठीमागे गाठून विचारलं, पगार वेळेवर होतो का. एक तिथे सहा वर्षं आहे, दुसरा चार. लहान कंपनीत माणूस टिकतो, याच्यापेक्षा दुसरं सर्टिफिकेट मला नको होतं.

यार्डात मी सवयीने एक लोखंडी दांडा उचलला आणि काका टॉमी मारून टायरचा आवाज ऐकतात तसा एकेका टायरवर ठोकत गेलो. सगळे टणटण वाजले, एक सोडून. ते एक बद्द वाजलं. मालक मागेच उभे होते. काही न बोलता आत गेले, गेज आणलं, हवा मोजली आणि माझ्यासमोरच ती गाडी त्या दिवसापुरती बाजूला लावली. माल भरून तयार होता. मग मी विचारलं, रात्री रस्त्यात मला झोप आली तर? ते म्हणाले, गाडी सुरक्षित जागी लाव, मला मेसेज टाक आणि झोप. ग्राहकाला तोंड मी देईन. अण्णाकाका, तुम्ही मला हेच सांगितलं होतंत, "झोप इली तर गाडी बाजूक लाव. आंबो कुसलो तर कुसांदे." दुसऱ्या मुलखातला, दुसऱ्या भाषेतला माणूस तेच बोलला तेव्हा मला भरून आलं.

तोटे आहेत, ते लपवत नाही. तासाला चोवीसच डॉलर. गाड्या जुन्या आहेत. कंपनी मुख्यतः दोनच मोठ्या ग्राहकांवर चालते. उद्या त्यातलं एक गेलं तर आधी नवा माणूस कमी होणार, म्हणजे मी. पण पगार पक्क्या नोकरीचा, पावतीसकट. पहिले सहा आठवडे एक जुना ड्रायव्हर शेजारी बसणार. आणि पहिला हिवाळा मला उत्तरेच्या बर्फाळ रस्त्यांवर पाठवणार नाहीत, हे त्यांनी आपणहून सांगितलं. लेमिंग्टन म्हणून गाव आहे, तिथे काचेच्या घरांत टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची होते. तो माल थंड ट्रेलरमधून टोरांटोच्या फूड टर्मिनलला आणायचा. म्हणजे बाबा, देवगडहून वाशीला, तसंच. सरळ मोठा हायवे, 401 नावाचा, घाट नाही. आई, घाट नाही, हे परत लिहितो.

आणि झोपेचं: दिवसाला तेरा तासांपेक्षा जास्त चालवायला कायद्याने बंदी आहे, मग सलग आठ तास विश्रांती घ्यावीच लागते. ट्रकमध्ये यंत्र बसवलेलं असतं, गाडी हलली की ते लिहितं.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायची आहे, कारण शिकताना मी त्यातच सगळ्यात जास्त चुकलो. इथे चौकात सिग्नल नसला की बऱ्याच ठिकाणी चारी बाजूंना लाल आठकोनी पाटी असते, 'थांबा'. रस्ता मोकळा असला तरी, पहाटेचे तीन वाजले असले तरी, गाडी पूर्ण थांबवायची. चाक फिरायचं बंद झालं पाहिजे. हळू करून पुढे गेलं तर ते थांबणं धरत नाहीत. पहिल्या सरावात त्यावरच माझे गुण गेले. मग जो आधी येऊन थांबला तो आधी जाणार. दोघे एकदम आले तर उजव्या हाताचा आधी. समोरासमोर असले आणि एकाला वळायचं असेल तर सरळ जाणारा आधी. पोलीस नाही, हॉर्न नाही, कोणी दिवा मारत नाही. चौघेही मनात क्रम लावत बसलेले असतात आणि चुकून दोघे एकदम हलले तर दोघेही थांबतात, हात हलवून 'तू जा, तू जा' करतात. आपल्याकडे घाटात चढणाऱ्या गाडीला वाट देतात ना, तसं, पण सपाट रस्त्यावर आणि प्रत्येक वेळी. मला आधी वाटायचं वेळ फुकट जातोय. आता मोकळ्या चौकातही पाय आपोआप ब्रेकवर जातो.

बाबा, तुम्हाला कोणीतरी सस्कॅचवानच्या अपघाताचं सांगितलंय, हे चिमीकडून कळलं. खरं आहे ते. एप्रिल 2018, हम्बोल्टच्या हॉकी खेळणाऱ्या पोरांची बस, सोळा जण गेले. ट्रकवाला आपल्या देशातला, लहान कंपनीत नवा लागलेला, आणि तो असल्याच 'थांबा' पाटीवर थांबला नाही. आम्हाला वर्गात ते शिकवलं. त्यानंतर सस्कॅचवान, अल्बर्टा आणि मॅनिटोबा या प्रांतांनीही 2019 पासून शिक्षण सक्तीचं केलं. नव्या माणसाला घाईघाईने एकट्याला सोडणाऱ्या कंपनीत मी गेलो नाही, ते यासाठीच.

आता पैशांचं. जूनमध्ये बाबांनी दीड लाख पाठवले ते मी खोलीचं डिपॉझिट म्हणून मागितले होते. ते कोर्सच्या फीत गेले. कोर्स साडेसात हजार डॉलरचा होता, बाकीचे माझे साठवलेले. तेव्हा खरं सांगितलं असतं तर तुम्ही पाठवले नसतेत असं नाही, पण माझी हिंमत झाली नाही. ते पैसे मागच्या पडवीच्या कौलांसाठी होते हे मला चिमीने ऑगस्टमध्ये सांगितलं, पाऊस गळत असताना. जानेवारीपासून दर महिन्याला तीस हजार पाठवीन, त्यातून आधी सोसायटीचा हप्ता भरा. भातकापणीला या वर्षी तरी माणसं लावली असतीत तर बरं झालं असतं, बाबांचा गुडघा तसा आहे. खालच्या अंगाची काजूची कलमं विकू नका. चिमीच्या लग्नासाठी विकायची असं बोलणं चाललंय म्हणे. दागिन्यांचं मी बघतो, मार्चपर्यंत.

लग्नाला येतो असं चिमीला सांगितलंय. सहा महिने झाल्यावर तीन आठवडे सुट्टी देऊ असं मालक म्हणालेत, म्हणजे मे महिन्यात बसतं. तिकीट अजून काढलेलं नाही, कारण पीआरचे कागद कुठे पोचतात ते बघावं लागेल. येईनच. गणपतीला तिसऱ्या वर्षीही नव्हतो, आरतीला व्हिडिओवर उभा होतो, आजी मोबाईलला हात लावून "बाबू, जेवलंस?" विचारत होती, ते डोळ्यांसमोरून जात नाही.

कणकवलीच्या स्थळाचं आईने विचारलंय. मुलगी शिकलेली आहे, फोटो पाहिला, मला काही वावगं वाटत नाही. पण त्यांना मी इंजिनियर आहे असं सांगितलं असेल तर ते आधी दुरुस्त करा. ट्रक चालवतो, आठवड्यातल्या तीन-चार रात्री बाहेर असतो, हे त्यांना चहाच्या आधी सांगा. नंतर कळलं तर त्या मुलीने काय करायचं?

पहाटे चारला निघायचंय. डबा भरून ठेवलाय. कुणकेश्वराला जाल तेव्हा माझ्या नावाने नारळ ठेवा.

तुमचा
बाळा

ता. क. चिमी, दीड लाखाचं वाचताना बाबा काही बोलले का, ते मला वेगळं कळव.