बक्षीसपत्रातली अट फूट-इंचात लिही

गुहागर

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

नगररचना शिकून वकिलीत आलीस आणि आता वयस्करांचीच कामं घ्यायची म्हणतेस, म्हणून हे लिहितो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त येईल ते बक्षीसपत्र, म्हणजे हयातीतच मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करून देणारा दस्त. राहतं घर किंवा शेतजमीन मुलांना द्यायची तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, त्यामुळे मृत्युपत्राचा विचार कोणी करत नाही. गणपतीत चाकरमानी गावी आले की सह्यांची घाई सुरू होते. मृत्युपत्र हयातीत कितीदाही बदलता येतं. नोंदलेलं बक्षीसपत्र मात्र मनात आलं म्हणून फिरवता येत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायदा, 2007 मधलं कलम 23 ते रद्द करायला उपयोगी पडतं, पण देताना सांभाळाची अट घातलेली असेल तरच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये हेच सांगितलं. जानेवारी 2025 च्या निकालात आईला घराचा ताबा परत मिळाला, पण तिथे अट कागदावर होती.

‘मुलगा सांभाळ करील’ एवढ्या अटीवर भांडण उभं राहतं, कारण पडवीत खाट टाकली तरी तो सांभाळच म्हणतात. इथे तुझं पहिलं शिक्षण वापर. घराचा मोजमापाचा नकाशा काढून दस्ताला जोड. कोणती खोली, कोणती न्हाणी, संडास, विहिरीचं पाणी, वीज आणि रस्त्यापर्यंतची पाखाडी यांवर हयातभर हक्क, असं नावानिशी लिही. औषधपाण्याचा खर्च वेगळा लिही, कारण या कायद्याखाली पोटगी महिना 10,000 च्या वर मिळत नाही.

त्या खोलीत म्हातारं माणूस खरंच राहू शकेल का, ते जाऊन बघ. जोता 2 फूट उंच असेल तर 1:12 उताराला (12 फुटांत 1 फूट चढ) 24 फूट लांब उतरण लागते. अंगणात तेवढी सरळ जागा बहुधा नसते. काटकोनात वळव आणि वळणावर 5 फुटांचा सपाट टप्पा ठेव. घाईत उभी उतरण बांधतात, मग चाकाची खुर्ची ढकलणाराच घसरतो. जांभ्यावर पावसात शेवाळ धरतं, तेव्हा पृष्ठभाग खरखरीत हवा आणि दोन्ही बाजूंना कठडा. दाराला 3 फूट मोकळी रुंदी हवी, आणि उंबरठा काढायला घरची मंडळी तयार आहेत का तेही विचार. (बहुतेक वेळा नसतात.)

परसातला संडास आत आणायचा असेल आणि घर समुद्राकाठी असेल, तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, आधी बघ. विरळ वस्तीच्या गावात भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती आहे त्या जोत्यातच बसवावी लागते. म्हणून बाहेर खोली वाढवण्याचा शब्द अटीत घालूच नको. पाळता न येणारी अट पुढे मुलाच्याच पथ्यावर पडते.

वाद झालाच तर अर्ज प्रांतांकडच्या न्यायाधिकरणात जातो. त्याच 2007 च्या कायद्याचं कलम 17 तिथे वकिलाला उभं राहू देत नाही. काही उच्च न्यायालयांनी ही बंदी सैल केली आहे, पण त्या भरवशावर राहू नको. नकाशा, खोलीचे फोटो, औषधांची बिलं आणि दस्तातली अट अशी लावून दे की तुझ्याविना अर्ज वाचता आला पाहिजे.

आणि फी मुलगा देत असला तरी अशील म्हातारं माणूसच. मुलाला बाहेर बसव, दस्त मोठ्याने वाचून दाखव, ‘हे कोणाला देताय, का देताय’ ते त्यांच्या तोंडून ऐक. गोंधळ दिसला तर त्या दिवशी सही नको, गाडी मुंबईला सुटणार असली तरी.

तुझे बाबा

ता. क. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे घरपट्टीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. आणि सातबारा सामाईक असेल तर वाटप झालंय का ते तपासल्याशिवाय बक्षीसपत्राचा मसुदा हातात घेऊ नको.